बंदीतले शब्द

"बघू की," असं म्हणून आमचे कॉम्प्युटरवाले आधी हात पुसायचे. कॉम्प्युटर बंद पडो, प्रिंटर कागद गिळो, मालकांच्या केबिनमधला फोन मुका होवो. खिशातला रुमाल काढणार, दहाही बोटं एकेक करून पुसणार, रुमालाची घडी परत खिशात ठेवणार आणि मगच यंत्राला हात लावणार. तोवर आमचा जीव टांगणीला. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, पूजेला बसताय काय?" तर म्हणाले, "ताई, कीबोर्ड तुमचाच हाय. घाण हात लावला तर तुम्हीच वरडणार."

आणि मी ओरडलेच असते, त्यात खोटं नाही.

आमची फौंड्री कोल्हापूरच्या बाहेर, हायवेच्या कडेला. मी डिस्पॅचला, चलनं टाईप करायला. ते मूळचे मुरगूडचे, मेंटेनन्समध्ये वायरमन. नव्वदच्या दशकात ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा पदवीधर मंडळी त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आले. त्या दिवसापासून ते आमचे कॉम्प्युटरवाले. संध्याकाळचा क्लास करून रीतसर शिकलेही, पण खरं शिकले ते उघडून बघून. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेलच, ज्याला पद काही नसतं आणि ज्याच्यावाचून काही चालत नाही.

पुढे इंटरनेट आलं आणि महिन्याभरात मालक कावले. चलनं राहिली बाजूला, सगळे चॅटिंग करतात, सिनेमाची गाणी शोधतात, दुसरीकडच्या नोकऱ्या बघतात. मालकांनी यांना बोलावून बंदीचा हुकूम दिला. यांनी प्रत्येक मशीनमध्ये एक प्रोग्रॅम बसवला. त्यात शब्दांची यादी असायची. यादीतला शब्द कुणी टाईप केला किंवा पानात कुठंही आला की पान उघडायचंच नाही. त्याऐवजी यांनी स्वतः रंगवलेली लाल अक्षरं यायची: "पावणं, हितनं म्होरं वाट न्हाय."

यादी करायची त्यांची तऱ्हा मात्र बघण्यासारखी होती. त्यांचं म्हणणं, आपली माणसं इंग्रजी कानानं लिहितात. बरोबर स्पेलिंग बंद करून उपयोग काय? मग जेवायच्या सुट्टीत ते भोळा चेहरा करून एकेकाला विचारत फिरायचे, "चॅटिंग कसं लिवतोस रं तू?" समोरचा बापडा कौतुकाने सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्याचं स्पेलिंग बंद! एकट्या 'नोकरी'चे त्यांनी सात प्रकार गोळा केले होते. त्यातले दोन माझे, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा मात्र सपशेल तोंडावर आपटले. कुणीतरी नको ती चित्रं बघतंय अशी कुजबुज झाली, म्हणून यांनी 'नंगा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत यादीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसात बोंबाबोंब. हातकणंगल्याच्या एकाही पार्टीचं पान उघडेना, मेल वाचता येईना. तुम्ही हातकणंगले इंग्रजीत Hatkanangale असं लिहा आणि मधली पाच अक्षरं वाचा, म्हणजे कळेल. मॅनेजर थयथयाट करत होते आणि हे रुमाल हातात घेऊन नुसते उभे. मग हळूच म्हणाले, "आख्खा तालुका नागडा केला की वो मी!" मॅनेजरसुद्धा हसले. त्यानंतर यादीचा पासवर्ड त्यांनी तोच ठेवला, हातकणंगले. म्हणायचे, "आता मेलो तरी इसरायचो न्हाय."

हा पासवर्ड मला ठाऊक होता, कारण शेवटच्या वर्षी त्यांनी मला सगळं शिकवायला घेतलं. पावसाळा संपत आला होता. चेहरा उतरलेला, डोळे पिवळे. विचारलं की, "कावीळ हाय ताई, उतरंल की." आणि रोज चहानंतर खुर्ची ओढून माझ्याशेजारी. यादी कशी उघडायची, शब्द कसा काढायचा, कुठली वायर कुठं जाते. मी म्हटलं, "मला कशाला हा ताप? कुठं दुबईला निघालाय काय?" ते म्हणाले, "बघतोय की." मला वाटलं, लबाडाला खरंच दुसरी नोकरी लागलेली दिसतेय. मी रागाने आठवडाभर धड बोलले नाही. तो आठवडा मला आजही परत हवाय.

मग ते रजेवर गेले. मालकांनी ऑफिसचा लॅपटॉप घरी नेऊ दिला. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. मालक म्हणाले, लॅपटॉप राहू दे घरच्यांकडंच. त्यांच्या जागी चुणचुणीत मुलगा आला. दोन मिनिटांत सगळं दुरुस्त करतो, हात न पुसता. त्याचं काही चुकत नाही, तरी मला त्याचा राग येतो.

वर्षभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. "आत्या, बाबांच्या लॅपटॉपवर कंपनीची बंदी अजून तशीच हाय. नोकरीची एकबी जाहिरात उघडत न्हाय." बी.एस्सी. झाली होती पोर. दुकानदार म्हणाला होता, सगळं पुसून नव्यानं भरू. पण त्यात बाबांनी काढलेले फोटो होते, म्हणून तिने मशीन परत आणलं होतं. मी रविवारी गेले.

बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी आता त्यांची. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला. यादी आली. प्रत्येक शब्दापुढे तो घातल्याची तारीख. मी नोकरीचे सातही प्रकार काढले. एकेक शब्द वाचताना त्याच्यामागचा माणूस आठवत होता आणि हसू येत होतं. पोरगीही हसत होती. मी यादीच्या शेवटी आले आणि थांबले. पॅनक्रियाज. इंग्रजीतलं खरं स्पेलिंग, आणि त्याखाली कानानं लिहिलेली आणखी तीन.

"आत्या," ती म्हणाली, "हा शब्द कंपनीत कोण बघत होतं?"

मला खोटं बोलायचं होतं, पण तोंडातून खरं तेच आलं. "कुणीच न्हाई बाळ."

ती तारखेकडे बघत राहिली. दिवाळीच्या आधीची होती. पॅनक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे घरात कळलं ते त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, सगळं हाताबाहेर गेल्यावर.

"दिवाळीत मी त्यांच्या पिशवीतला दवाखान्याचा कागद चोरून बघितलेला," ती अगदी हळू बोलत होती. "हा शब्द हितंच टाईप केला. ती लाल अक्षरं आली. मी बाबांना म्हटलं, एवढं काढून द्या की. तर म्हणाले, कंपनीचं हाय ते, माझ्या हातात न्हाय. मी वर्षभर कंपनीला शिव्या देतेय आत्या. मी सायबर कॅफेत का गेले न्हाय, म्हणून स्वतःला देतेय."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! समोर असते तर खडसावलं असतं, भल्या माणसा, पोरीला असं कोंडून घालतात काय? आणि त्याच क्षणी वाटलं, ते असते तर किती बरं. मी चारही शब्द काढले. तिने ताबडतोब तो शब्द टाईप केला. पान उघडलं. ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली, ओठ हलवत, परीक्षेचं वाचावं तशी. मी खिडकीबाहेर बघत बसले.

आतून कपांचा आवाज आला. तिने झटकन पान मिटलं, नोकरीच्या जाहिराती लावल्या आणि ओढणीने डोळे पुसले.

वहिनींनी चहा ठेवला. पोरीकडे बघून म्हणाल्या, "रडलीस व्हय गं?"

"फोटो बघत होतो बाबांचे."

वहिनी टेकल्या. तसबिरीकडे बघत मला म्हणाल्या, "एवढंच बरं झालं बघा ताई. काय झालंय ते आम्ही सांगितलं न्हाय, त्यांना शेवटपर्यंत कळलंच न्हाय. जिवाला घोर लावून न्हाय गेले."

मी मान खाली घातली. पोरगीने आईचा कप तिच्या हातात दिला.

"व्हय आई," ती म्हणाली, "त्यांना काय म्हाईतच न्हवतं."