शेवटच्या रिळांची पेटी

नोकरीत तपासलेले पुष्कळ गुन्हे आता धूसर झाले आहेत. नाशिकमधली ती एक संध्याकाळ मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर येते.

बोलपट तेव्हा नवे होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ठाण्यात नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो आणि हुकूम देताना माझा आवाज जरा खालीच राहायचा. या हकिकतीत मी कुणाचंही नाव लिहीत नाही.

त्या दिवशी एका मोठ्या नटाचा नवा बोलपट लागणार होता. पांढऱ्या घोड्यावरून येऊन एकटाच दहा जणांना लोळवणारा हा नट. त्याला पाहायला इगतपुरीपासून, सटाण्यापासून माणसं आली होती. थिएटरसमोर ताशा कडाडत होता, पोस्टरला हार चढले होते, नारळ फुटत होते. मी बंदोबस्तावर होतो. तेवढ्यात मॅनेजर घामाघूम होऊन आला. फिल्मच्या दोन पेट्या रेल्वेने आल्या होत्या, पण टांग्यातून एकच पोहोचली होती. हरवलेल्या पेटीत शेवटची रिळं होती.

दुसऱ्या थिएटरवाल्यांनी टांगेवाल्याला फितवलं, असा मॅनेजरचा संशय. फिर्याद नोंदवली गेली आणि मोठ्या साहेबांच्या हुकमाने टांगेवाल्याला ठाण्यात आणून बसवलं. इकडे आतले लोक बाकं आपटू लागले, तसा मॅनेजरने नाइलाजाने खेळ सुरू केला. आता हातातली रिळं संपायच्या आत पेटी मिळायला हवी होती. नाहीतर लोकांनी थिएटर मोडलं असतं आणि मग टांगेवाल्याला शोधत ठाण्यावर आले असते. त्याचं नाव गर्दीत फिरू लागलंच होतं.

टांगेवाला उतारवयाचा मुसलमान गृहस्थ. हवालदाराने दम भरला तरी तो शांत होता. वाटेत हौदावर घोडीला पाणी पाजायला उतरलो, पाठ फिरली तेवढीच, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मग त्याने खिशातून त्याच खेळाचं तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"साहेब, त्याचा घोडा बघून मी माझ्या घोडीला तसाच तुरा बांधला. त्याचा खेळ मी बंद पाडीन काय?"

मला ते पटलं. पण पटणं हा काही पुरावा नव्हे. साहेबांना सांगायचा धीर झाला नाही. मी थिएटरवर परतलो. आत शिट्ट्यांचा पाऊस पडत होता, पण पडद्याजवळची तीन बाकं रिकामी होती. मी दारवानाला विचारलं.

"ती तालीमवाल्यांची, फौजदारसाहेब. तिकिटं कधीच नेलीत. पण आज एक जण फिरकला नाय."

या नटाच्या पहिल्या खेळाला आधी आत शिरणारी हीच मंडळी. आणि त्यांची तालीम त्याच हौदाला लागून होती.

तालमीत मी एकटाच गेलो. बूट बाहेर काढले. आखाडा मोकळा होता आणि पैलवान भिंतीला टेकून बसले होते. मारुतीपुढे लाल कपड्याखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं होतं. मी तिकडे पाहिलंच नाही.

"वस्ताद, आज पहिला खेळ सोडलात?"

"गर्दी लय हाय, साहेब."

"गर्दीला तुम्ही कधीपासून भ्यायला लागलात?"

मग मी एवढंच सांगितलं, की पेटीपायी टांगेवाला ठाण्यात बसलाय आणि त्याचं तिकीट माझ्या खिशात आहे.

"चाचा?" वस्ताद उठूनच उभे राहिले. "त्यांना कशापायी?"

मग सगळं बाहेर आलं. नवा मुद्गल असो की नवा लंगोट, तालमीत नवी वस्तू आधी मारुतीपुढे ठेवायची रीत. आपल्या नटाचा खेळही तसाच सुरू व्हावा म्हणून दोघांनी टांग्यातली पेटी उचलली होती. ते एकच उचलून आले, कारण एका पेटीत चित्र आणि दुसरीत बोलणं असतं आणि पूजा चित्राचीच करायची, अशी त्यांची समजूत. वस्ताद आंघोळ करून पूजेला येईपर्यंत पोलिसांची धावपळ सुरू झाली आणि मग पेटी परत न्यायची कुणाची छाती होईना.

"पेटी उचला," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

वस्तादांनी ती खांद्यावर घेतली आणि आम्ही सगळे मेन रोडने धावत सुटलो. पोहोचलो तेव्हा पडदा पांढरा पडला होता आणि बाकं उलटी होत होती. खांद्यावरची पेटी दिसली मात्र, सगळं थिएटर उभं राहिलं. मारुतीपुढचा गुलाल लागलेली ती पेटी हातोहात वर मशीनच्या खोलीत गेली.

चोरीचा इरादा नव्हता, असा अहवाल मी लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचून सही केली. पण त्याआधीच मी टांगेवाल्याला ठाण्यातून थिएटरात घेऊन आलो होतो. वस्तादांनी सगळ्यांदेखत त्याच्या पायांना हात लावला आणि पुढच्या बाकावर स्वतःची जागा दिली. पडद्यावर पांढरा घोडा उधळला, तेव्हा सगळ्यांत लांब शिट्टी त्या म्हाताऱ्याची होती.

गर्दीत कोण आहे हे सगळेच बघतात. कोण नाही ते बघायला मी त्या दिवशी शिकलो आणि पुढे नोकरीभर ते उपयोगी पडलं. त्या दिवशी शिकलेली दुसरी गोष्ट पुढच्याच वेळी अमलात आणली. त्या नटाचा पुढचा बोलपट आला, तेव्हा पेट्यांबरोबर मी एक शिपाई दिला आणि टांगा तालमीवरून न्यायला सांगितलं. हौदाजवळ वस्ताद आंघोळ करून, हार घेऊन तयार उभे होते. या वेळी दोन्ही पेट्या मारुतीपुढे गेल्या.