पाच वर्षं गावगटात

शंकरपटात माझी बैलजोडी पाच वर्षं गावगटात धावली आणि त्यातली चार वर्षं पहिली आली. गावगट म्हणजे आसपासच्या हौशी लोकांचा खालचा गट. त्याच्या वर जनरल, तिथे जिल्ह्याबाहेरच्या नावाजलेल्या जोड्या उतरतात. बक्षिसाच्या चार पितळी घागरी आमच्या फळीवर ओळीने मांडलेल्या आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे पानठेल्यावर लोकांना आयतं सापडायचं.

"गुरुजी, चवथीत चार वर्स पयला येनारा पोट्टा हुशार म्हनाव का नापास?"

मी हसायचो. पण आतून जळायचो, कारण माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, दुसऱ्याच वर्षी जनरलमध्ये गेला होता. त्याची जोडी माझ्याहून चांगली नव्हती. हे मी जळून म्हणत नाही. बरं, जळूनच म्हणतो, पण खरं आहे. सुटतानाच त्याचे बैल एकमेकांना रेटायचे. तरी तो वर गेला, पहिल्या वर्षी सपाटून हरला, आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे येऊन पोटभर जेवला. हरल्यावर माणसाला भूक लागते याचंच मला नवल वाटलं. तिसऱ्या वर्षी तो जिंकला आणि त्याचा फोटो पेपरात आला. बायकोने तो कापून आरशाच्या कडेला खोचला. रोज दाढी करताना मला माझ्या तोंडाशेजारी त्याचं तोंड दिसे.

वर न जाण्याला माझ्याकडे कारण होतं, आणि ते घड्याळाचं होतं. आमच्या शेताजवळ इटियाडोहच्या कालव्यालगत एक सरळ पट्टी आहे. पटाच्या दानीइतकी, म्हणजे बैल धावतात त्या वाटेइतकीच लांब मी ती मोजून घेतली होती. सरावाला मी छकड्यावर उभा राही आणि बायको दुसऱ्या टोकाला मोबाइल घेऊन. मी रुमाल हलवला की तिने घड्याळ सुरू करायचं, बैलांनी चुन्याची रेघ ओलांडली की बंद. तिच्या मोबाइलवर नेहमी साडेसात सेकंद यायचे. पटावर तीच जोडी साडेआठ घ्यायची. जनरलमध्ये एवढ्या फरकात दहा जोड्या पुढे निघून जातात.

मी ठरवून टाकलं, बाईला घड्याळ लावता येत नाही.

"बोट उशिरा ठेवतेस तू," मी म्हणायचो.

"बराबर त दाबतो जी," ती म्हणायची. पुढेपुढे तिने तेही म्हणणं सोडलं. धाव झाली की पदरातले भिजवलेले चणे बैलांना चारायची आणि मोबाइल माझ्या हातात द्यायची.

आता पटात तुतारी, म्हणजे टोचायची खिळ्याची काठी, चालत नाही, चाबूक चालत नाही, बैल आवाजावर धावतात. माझ्या आवाजाने पाचवीचा वर्ग गप्प होतो, तेव्हा माझा त्याच्यावर फार विश्वास होता. जोडी अजून कच्ची आहे, असं मी दरवर्षी सांगत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडच्या प्रतापगडाच्या अलीकडे, माझ्या सासुरवाडीला पट भरला. पहिला दिवस गावगटाचा, दुसरा जनरलचा. पटाच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं, म्हणून बायको कधी माझी जोडी पाहायला आली नव्हती. या वेळी माहेरचा पट म्हणून आली आणि दानीच्या शेवटी बांधलेल्या दोरापाशी माहेरच्या बायांत जाऊन उभी राहिली. "इथूनच उद्या भाऊ चांगला दिसन," असं ती त्यांना सांगत होती. ते मी ऐकलं. आज नवरा धावणार होता, त्याचं काही नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

झेंडी पडली. मी ओरडलो, पण मला तोंड उघडायलाही उशीर झाला होता. बैलांनी माना खाली घातल्या आणि असे सुटले की मी कसाबसा छकड्याला धरून राहिलो. रेघ ओलांडली तरी थांबेनात. दोराशी जाऊन थांबले ते नेमके हिच्यासमोर. पांढऱ्याने तिच्या पदरात तोंड घातलं, तांबडा तिचा हात चाटू लागला. पदरात चणे नव्हतेच. भोंग्यावर वेळ सांगितली, साडेसात सेकंद.

पटाची मंडळी धावत आली. "गुरुजी, उद्या जनरलमंदी टाका जोडी. सांजेलोक नाव द्या." कोणी पाठ थोपटली, कोणी फेटा सरळ केला. आणि मेहुणा सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "भाऊजी, बैल तुमच्या आवाजावर नाई धावत जी, ताईच्या पदरावर धावते."

आजवर मी त्याच्यावर जळत होतो. आता बायकोवर जळू लागलो. बैल बाजारातून मी आणले, तेल मी चोळलं, पहाटे उठून पाणी मी दाखवलं, आणि बैल हिचे!

संध्याकाळी ती माझ्या सासूच्या अंगणात लाखोरीची भाजी निवडत होती. नाव द्यायला थोडाच वेळ उरला होता. मी जाऊन उभा राहिलो. उद्या तिचा भाऊही त्याच गटात धावणार होता.

"उद्या कोणासाठी उभी राहशील?" मी विचारलं. "भावासाठी, का माझ्यासाठी?"

तिने वर पाहिलं नाही. "पाच वर्स उनात उभी रायली, तवा काऊन नाई इचारलं, कोनासाठी म्हून?" दोन काड्या तिने बाजूला टाकल्या. "आन् घड्याळ बराबर होतं का नाई?"

"होतं," मी म्हणालो, आणि जनरलमध्ये नाव देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याची जोडी आमच्यापुढे गेली. आम्ही कितवे आलो ते सांगत नाही, पण शेवटचे नव्हतो. दोरापाशी पांढऱ्याने पुन्हा तिच्या पदरात तोंड घातलं. आज चणे होते. मग तांबडा आला. मग मेहुणा कौतुक करून घ्यायला आला, तिने त्याच्याही पाठीवरून हात फिरवला. मी कासरा धरून छकड्यावर उभा होतो. माझी पाळी चौथी होती.