निराहारी महाराज आणि मी

बोरिवलीत कान्हेरीच्या वाटेवर एक भिक्खू येऊन राहिले, तेव्हा मी फोर्टात कारकून होतो आणि स्वतःला फार जाणता समजत होतो. संध्याकाळी कचेरीतून आलो की बायकोने केलेली खिचडी घेऊन त्यांच्या झोपडीवर जाई. ते हात जोडून डबा परत करत. आठ दिवस एक शीतही तोंडात घातलं नाही. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. विचारलं तर अज्ञान उघडं पडेल, म्हणून विचारलंही नाही.

चाळीत मात्र छाती फुगवून सांगितलं, "बाबा अन्न घेतच नाहीत. मी स्वतः पाहिलंय."

झालं! कांदिवलीपासून माणसं येऊ लागली. सगळी माझ्यासारखीच नोकरदार, त्यामुळे येत ती संध्याकाळीच, फुलं आणि उदबत्त्या घेऊन. महाराज वाळत चालले होते. ते तपाचं तेज आहे, असं मीच लोकांना समजावून सांगत असे.

एका सुट्टीला सकाळीच गेलो. महाराज रिकामं पात्र घेऊन दारात बसले होते. शेजारच्या तबेल्यातली बाई म्हणाली, "मी रोज सकाळी भाकरी घालायचे. तुम्हीच सांगत सुटलात ना, बाबा जेवत नाय म्हणून? त्यांचा उपास मोडायचं पाप कोण घेणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत घरी जाऊन पोळी-भाजी आणली. ते सावकाश जेवू लागले. मी लाजेने डोंगराकडे बघत बसलो.

संध्याकाळी चाळीत सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. ऐकतो कोण! "महाराजांनी तुमच्या हातचं खाल्लं?" म्हणत शेजारच्या काकू माझ्याच पाया पडल्या. मी रोज सकाळी डबा नेऊ लागलो, पण चौथ्या दिवशी झोपडी रिकामी होती.

काही महिन्यांनी सासुरवाडीला मुलुंडला गेलो होतो. सकाळी मेहुण्याबरोबर भाजी आणायला निघालो, तर एका दारात महाराज पात्र घेऊन उभे. एक म्हातारी त्यांना भात वाढत होती. अंगाने भरले होते. मला ओळखून हसले.

"कोण हो हे, भावोजी?" मेहुण्याने विचारलं.

"कोणी नाही रे," म्हणालो, आणि त्याला पुढे घेऊन चालू लागलो.