तुटक रेघेवरचा डाग

आज सकाळी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये सुकेळ्यांची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, पुडी सोडली. वाळलेल्या केळीच्या पानांतून तो गडद, मधासारखा वास दरवळला आणि मी मनाने निर्मळ गावच्या आमच्या अंगणात जाऊन बसले.

तेव्हा मी विद्यापीठात अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. आत्या सोललेली राजेळी केळी उन्हात मांडून एकेक परतत होती आणि मी शेजारी बसून जागतिक व्यापाराचा आलेख काढत होते. आजवरची रेघ ठळक. पुढच्या वर्षांची तुटक, ऐटीत वर चढणारी.

"ही अशी तुटक का गं?" आत्या वाकली.

"ते अजून घडायचंय."

"मग तुला कसं ठाऊक?" म्हणत तिने तिथे बोट टेकवलं. चिकट, तपकिरी डाग उमटला. दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता. मी ओरडलेच तिच्यावर. ती पदराने पुसायला गेली, तर डाग आणखी पसरला. मग तिने हळूच पुढे केलेलं सुकेळं मी घेतलं नाही. ऊन केळ्यांवरून सावकाश सरकत राहिलं.

प्रबंधासाठी मी दुसरा आलेख काढला. डागाचा हा कागद माझ्याकडे राहिला. आत्या आता नाही.

हल्ली तोच विषय मी शिकवते. पहिल्या तासाला मुलांना हा कागद दाखवते. जग त्या तुटक रेघेवरून कधी गेलंच नाही. मुलं हसतात, मग कुणीतरी डागाबद्दल विचारतं.

"या तुटक रेघेवरचं तेवढंच खरं निघालं," मी सांगते.