'अँड'च्या पुढची जागा

आज पाथर्डीच्या शाळेत इंग्रजी शिकवताना काहीतरी घडलं. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आमच्याकडं दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होतो. पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात.

दोन क्रिया 'अँड'नं कशा जोडायच्या, ते मी जोडीनं म्हणून घेतो. एकानं 'आय वॉन्ट टू ईट' म्हणायचं, बाकावरच्या जोडीदारानं 'अँड टू प्ले' जोडायचं. नव्वदच्या दशकात तिसगावला आमच्या सरांनी मला असंच शिकवलं.

तेव्हा माझा जोडीदार होता अंबादास. एकदा मी 'आय वॉन्ट टू प्ले' म्हणालो आणि त्याचे वडील वर्गाच्या दारात आले. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघाला होता. दप्तर उचलत तो म्हणाला, "माजं आल्यावर म्हनतो."

उन्हाळ्यात टोळी परतली. त्याचं बिऱ्हाड मात्र कारखान्याकडंच राहिलं. पुढं शाळेत दोघांचे भाग मी एकटाच म्हणायचो.

आज एका मुलीनं आपला अर्धा भाग म्हटला. शेजारी कुणीच नव्हतं, तिची जोडीदार ऊसतोडीला गेलेली. मी पुढचं जोडायला लागलो, तर म्हणाली, "सर, तुमी नका म्हनू. सुरेखा आल्यावर म्हनल ती."

मी वळलो आणि कोरा फळा पुसत राहिलो.

मित्रांनो, तिसगावचा अंबादास तुम्हाला कुठं भेटला, तर एवढंच सांगाल का? माझं म्हणून झालंय. आता त्याची पाळी आहे.