टाकीत तेल घालायचं राहिलं

खरं सांगतो, तेव्हा देवीवर माझा विश्वास निम्मासुद्धा उरला नव्हता. हिवाळ्यात आई गेली आणि बाबांनी खाट धरली. आजार म्हणावा तर काहीच नाही. आमगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "शरीर ठणठणीत आहे. जगायची इच्छाच राहिली नाही, त्यावर माझ्याकडे गोळी नाही." बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे, ताट अर्धं परत यायचं. काही विचारलं तर "हूं", दिवसभरात तेवढंच. मी पन्नाशीला आलेला दुकानदार, सगळ्या गावाला गोड बोलून माल विकतो, पण बापाला खाटेवरून उठवू शकत नव्हतो. ह्याची मला फार लाज वाटायची.

घरामागच्या छपरीत बाबांची आरएक्स हंड्रेड मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी होती. जपानी इंजिनाची, टू-स्ट्रोक, तरुणपणी हौसेनं घेतलेली. दर नवरात्रात तिच्यावर बसवून ते आईला टेकडीवरच्या मांडोदेवीला न्यायचे. एक दिवस वाटलं, ही गाडी बोलायला लागली तर बाबाही बोलतील. बस्स, खूळ शिरलं डोक्यात! गोंदियाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे फेऱ्या सुरू झाल्या. आज कार्बोरेटर, उद्या पिस्टनच्या रिंगा. रोज टाकी पुसून चकचकीत करायची. बायको म्हणायची, "देवीले नाही तेवढी पूजा या लोखंडाची करून राहिले तुमी." आणि मी देवीला चक्क अट घातली होती. गाडी सुरू झाली, बाबा मागे बसले, तर पहिली फेरी तुझ्याकडे. देवाशी असा सौदा करू नये, पण केला.

गाडी देताना मिस्त्रीनं बजावलं होतं. इंजिनाला तेल पुरवणारा पंप खराब झाला म्हणून त्यानं तो काढून टाकला होता. आता दर वेळी पेट्रोल भरलं की टू-टी तेल आपल्या हातानं टाकीत ओतायचं. "भूल गए तो इंजन गया समझो. ऐसा जापानी सिलिंडर अब मिलता नहीं."

नवरात्राच्या पाचव्या माळेला सकाळी अंगणात किक मारली. एक, दोन, आणि तिसरीला टिंग-टिंग-टिंग-टिंग! काय सांगू तो आवाज! अंगणभर निळा धूर झाला, आणि धूर सरतो तर दारात बाबा उभे, डोक्यावर टोपी घातलेली. सरळ आले आणि मागच्या सीटवर बसले. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

पेट्रोल पंपावर माणसं भोवती जमली. "भाऊ, ओरिजिनल आहे का?" "विकता का?" मी छाती फुगवून एकेकाला उत्तर देत होतो. तेलाची बाटली काढून मशीनच्या कट्ट्यावर ठेवली, पाच लिटर पेट्रोल भरलं, कुणालातरी इंजिनाचा नंबर दाखवला, झाकण लावलं आणि निघालो. बाटली तिथंच राहिली. गर्वानं माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर बहिराही झालो होतो.

कारण इंजिनाचा आवाज बदललेला मला कळलाच नाही. भाताची शेतं मागे पडून सागाची झाडं लागली होती, रस्ता मोकळा, गाडी अशी पळत होती की मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. एवढ्यात खांद्यावर बाबांची जोरात थाप बसली. "क्लच धर! क्लच धर बे!"

हातानं आपोआप क्लच दाबला. त्याच क्षणी इंजिन बंद पडलं आणि गाडी आवाज न करता घरंगळत कडेला गेली. क्लच दाबला नसता तर मागचं चाक जाम होऊन आम्ही दोघं रस्त्यावर आपटलो असतो. किक दाबून पाहिली, हलेना; तेलावाचून तापून पिस्टन आत अडकला होता. बाबा खाली उतरले. "तेल टाकलास का नाही?"

मला तो कट्टा आठवला आणि रडूच फुटलं. इंजिनाचं सोडा, आता बाबा परत त्या भिंतीकडे तोंड करतील, ही भीती होती. बाबा म्हणाले, "कायले रडून राहिला? थंडी होऊ दे तिले." आणि दगडावर बसले. इतके शब्द मी दहा महिन्यांत ऐकले नव्हते. मी झाडाखाली उभा राहून मनात देवीला म्हटलं, आई, अट वगैरे काही नाही. माझ्यानं होत नाही आता, तू बघ.

थोड्या वेळानं बांधावरून एक शेतकरी आला, पाठीवर पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप. धानावर तुडतुडे पडले म्हणून फवारून येत होता. "का झालं गा? बंद पडली का?" मी सांगितलं. त्यानं पिशवीत हात घातला आणि टू-टी तेलाची बाटली काढली. "माह्या पंपाले बी हेच लागते."

जंगलाच्या रस्त्यावर, भरदुपारी! माझ्या अंगावर काटा आला. बाबांनी अंदाजानं तेल ओतलं, आम्ही दोघांनी गाडी डावी-उजवी हलवून ते पेट्रोलात मिसळलं. मग बाबांनी किकवर पाय ठेवून हळूच दाबलं. पिस्टन सुटला होता. दोन किका, आणि टिंग-टिंग-टिंग! मी त्या शेतकऱ्याला मिठीच मारली. तो लाजून म्हणाला, "देवीले माहाबी नमस्कार सांगजा," आणि निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी बसायला गेलो तर बाबा हँडल धरून उभे. "सरक माघं. मी चालवतो."

"बाबा, तुम्ही?"

"मंग कोण? तुले तेल टाकाचं ध्यानात राहात नाही."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! पहिला मैलभर माझा जीव मुठीत होता. हातात ना क्लच, ना ब्रेक. मग सवय झाली. बाबा गाडी चालवता चालवता आईच्या गोष्टी सांगत होते. अर्ध्या वाऱ्यावर उडून जात होत्या, अर्ध्या माझ्यापर्यंत येत होत्या. देवानं मला ह्यापेक्षा आणखी काय द्यायला हवं होतं?

वळणावरून देवीची टेकडी दिसली. चालवणाऱ्याला हात सोडता येत नाहीत. मी मागे बसलो होतो, माझे दोन्ही हात मोकळे होते. मी ते जोडले.