गुळाची ढेप आणि दादाची चिठ्ठी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गगनबावड्याच्या आमच्या शाळेत सहावीचा वर्ग घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये बाई... हे थांबले न्हाईत." तो बरेच दिवस आजारी होता, तरी माझं मन तयार नव्हतं. महिना उलटला, अजूनही नाही.

माझा हा थोरला भाऊ, डॉ. भूपाल, शाहूपुरीत दवाखाना चालवायचा. आम्ही मूळचे शिरोळकडचे, शेतकरी घरातले. औषध कंपन्यांची कुठलीच भेट तो घ्यायचा नाही. घड्याळ नाही, बॅग नाही, परदेशवारी तर नाहीच. "बाकीच्या डॉक्टरांच्या बायका सिंगापूर बघून आल्या, आम्ही आपलं इथलंच बाहुबलीचं देऊळ," असं वहिनी पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायची आणि तो हसत तिच्याकडेच चहा मागायचा. मला कधीकधी त्याच्या या सोवळेपणाचा रागही यायचा. एक पेन घेतलं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण गावाकडून कुणी वांगी आणली, कणसं आणली, की ती मात्र तो दोन्ही हातांनी घ्यायचा. आपल्या माणसाचं मन मोडू नये म्हणायचा. सचिन आत शिरला तो इथूनच.

सचिन हा आमच्या शेजारच्या गावातला, एका औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे औषधं खपवत फिरणारा. गुऱ्हाळं सुरू झाली की तो गुलाबी फडक्यात बांधलेली गुळाची ढेप घेऊन यायचा आणि दादाला म्हणायचा, "आमच्याच गुऱ्हाळाचा हाय, अण्णा. आईनं दिलाय." वहिनी त्याच्या पोळ्या करायची, मीही ताव मारायचे. मग एका हिवाळ्यात दादा एका डॉक्टर मित्राकडे बारशाला गेला, तर त्यांच्या स्वयंपाकघरात तशीच ढेप, त्याच गुलाबी फडक्यात! मित्र म्हणाला, "सचिननं दिली. आम्हा सगळ्यांनाच देतो की."

दादानं सचिनला बोलावलं तेव्हा मी दवाखान्यात होते. मला वाटलं, आता तोफ सुटणार. सचिन खाली बघत म्हणाला, "गुऱ्हाळ कवाच बंद पडलंय, अण्णा. गूळ कंपनी घेऊन देती. तुमी दुसरं काय घेतच न्हाईसा... मी तरी काय करू?"

"आईला ठावं हाय?"

सचिननं नकारार्थी मान हलवली.

"मग तिच्या नावावर आणू नको. चहाला कवाबी ये, पण हात हलवत ये."

तो गेल्यावर दादानं दवाखान्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "गोदाक्काची बीपीची गोळी गेल्या वर्षी बदलली मी. सचिनच्या कंपनीची दिली. महाग हाय ती. का बदलली, ते आठवंना गं."

"असेल काहीतरी कारण."

"असंल की. पण नसंल तर?"

गोदाक्का म्हणजे त्याची जुनी पेशंट, भाजी विकणारी. तिला त्यानं सगळं खरं सांगितलं आणि जुनी गोळी पुन्हा लिहून दिली. ती म्हणाली, "तुम्ही दिलीसा म्हणून घेतली. त्यात इचारायचं काय?" घरी जेवताना हे मला सांगून दादानं समोरचं ताट बाजूला सरकवलं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर औषधांची चिठ्ठी हातात देण्याआधी प्रत्येक गोळी कशासाठी ते तो पेशंटला सांगू लागला. सांगता आलं नाही, तर खोडायचा. बाहेर ताटकळणारी माणसं वैतागायची. "डॉक्टर न्हाय, मास्तर झालाय ह्यो," असं कुणीतरी ओरडलंही. मास्तरीण मी, आणि शिकवत हा बसायचा! शेवटच्या आजारात इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनाही तो विचारायचा, "ही का लिहिली?" त्यांनी नीट सांगितलं, की हात जोडायचा.

गेल्या आठवड्यात गुडघा दाखवायला मी इथल्या डॉक्टरांकडे गेले. टेबलावर कंपनीचं कॅलेंडर, हातात कंपनीचं पेन. चिठ्ठी लांबलचक. मी शेवटच्या गोळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कशासाठी?" ते आधी जरा चिडले. मग चिठ्ठी पुन्हा वाचली. "तशी गरज नाही," म्हणाले आणि ती खोडली.

दाराबाहेर येऊन मी दादाला सांगायला फोन लावला. दोनदा वाजला, आणि वहिनीनं उचलला.